पेन, फुले आणि रॅरिटनचा काठ

जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या भल्या लोकांना. काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी त्या लोकांनी जो निःस्वार्थ खटाटोप केला त्याचे कौतुक अर्पणपत्रिकेत आहे, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छाही आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकाला ती वाचताना थोडा अभिमान वाटणे साहजिक आहे. आपल्या दोन्ही मुलखांची गाठ एका पानावर अशी क्वचितच पडते. पण ज्यांचे कौतुक फुल्यांनी केले त्या भल्या लोकांत आमचे हे राज्य सहजी बसत नाही. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती न्यू जर्सीच्या विधिमंडळाने १८६५ मध्ये चक्क फेटाळली होती. ती देशभर लागू झाल्यावर, जानेवारी १८६६ मध्ये, तिला मान्यता दिली. वरातीमागून घोडे.

युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या तत्त्वज्ञानातून आजची राज्यव्यवस्था आणि हक्कांची कल्पना कशी घडली, हा आपला विषय. शाळा-कॉलेजात तो साधारण असा शिकवला जातो: लॉकने प्रजेची संमती सांगितली, माँतेस्क्यूने सत्तेची विभागणी, रूसोने लोकेच्छा; त्यातून अमेरिकेची क्रांती, मग फ्रान्सची; पुढे मिल आला आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर हे सगळे मुंबई-पुण्याला पोहोचले. धरणातून सोडलेले पाणी कालव्याने वाहत टेलच्या शिवारापर्यंत जावे, तसे. ज्याचे शेत टेलला आहे त्याला विचारा. पाणी तिथवर आपोआप जात नाही. वाटेत ते कोणीतरी अडवतो आणि शेवटच्याला ते भांडून आणावे लागते. या संग्रहातले उतारे निवडताना ते भांडण डोळ्यांसमोर ठेवले आहे. हक्कांचे तत्त्वज्ञान ज्यांनी लिहिले त्यांनी ते घडवले, हे खरेच. पण त्या लिखाणात ज्यांना जागाच ठेवलेली नव्हती अशा वाचकांनी ते अधिक घडवले, असे माझे मत आहे, आणि पुढची पाने त्या मताच्या बाजूने रचली आहेत हे आधीच सांगून टाकतो.

अभ्यासाची सुरुवात न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेपासून करण्याचे कारण आम्ही इथे राहतो एवढेच नाही. हे गाव वसले ते १६६६ मध्ये, लेनापी लोकांच्या जमिनीवर. आजच्या मेन आणि न्यू हॅम्पशर यांच्या सीमेवर वाहणाऱ्या पिस्कॅटक्वा नदीच्या काठची काही कुटुंबे इथे आली आणि नदीचे नाव घेऊन आली. त्यांत बॅप्टिस्ट आणि क्वेकर होते. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन मंडळींना हे दोन्ही पंथ डोळ्यासमोर नको होते. इथे येण्याचे आमंत्रण मात्र लेखी होते. न्यू जर्सीचे दोन मालक, बर्कली आणि कार्टरेट यांनी १६६५ मध्ये एक सवलतपत्र काढले होते: सार्वजनिक शांतता न मोडणाऱ्या कोणालाही धर्माच्या मतावरून त्रास होणार नाही, लोकांनी निवडलेली सभा असेल आणि तिच्या मंजुरीवाचून कर बसणार नाही. लॉकचे सहिष्णुतेवरचे पत्र आणि राज्यसत्तेवरचे दोन निबंध छापून आले १६८९ मध्ये, म्हणजे या सवलतपत्रानंतर जवळजवळ पाव शतकाने. इथे आचार आधी आला आणि विचार मागून. मालकांनी ही उदारता दाखवली ती तत्त्वज्ञान वाचून नव्हे. रिकामी जमीन खंड देत नाही, माणसे आली तर खंड येतो, हा त्यातला हिशेब होता.

त्याच सवलतपत्रात जमीनवाटपाची कलमे आहेत. सोबत नोकर आणि गुलाम आणणाऱ्याला जास्तीची जमीन मिळणार होती. विवेकाचे स्वातंत्र्य आणि गुलामामागे मिळणारी एकरी बक्षिसी एकाच कागदावर होती, आणि त्यात काही विसंगत आहे असे लिहिणाऱ्यांना वाटले नाही. बर्कली आणि कार्टरेट कॅरोलायनाच्या आठ मालकांपैकीही होते. त्या मालकमंडळाचे सचिव म्हणून काही वर्षे खुद्द जॉन लॉकने काम केले. कॅरोलायनाच्या १६६९ च्या मूलभूत नियमांत प्रत्येक स्वतंत्र माणसाला त्याच्या काळ्या गुलामावर संपूर्ण सत्ता दिली आहे. त्या मसुद्यात लॉकचा हात किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे भाग होते, यावर नाही. म्हणून लॉक वाचू नये काय? जरूर वाचावा. फक्त तो स्वर्गातून बोलत नव्हता, एका कचेरीत बसून बोलत होता, एवढे ध्यानात ठेवावे.

आता शंभर वर्षे पुढे जाऊ. २ जुलै १७७६ रोजी, फिलाडेल्फियातला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर व्हायच्या दोन दिवस आधी, न्यू जर्सीने स्वतःची राज्यघटना केली. घाईत केलेली, आखूड आणि अनेक अंगांनी अडाणी अशी ही घटना माझी विशेष आवडती आहे. तिचा गव्हर्नर दरवर्षी विधिमंडळ निवडणार आणि तोच चॅन्सलर म्हणून न्यायदानही करणार. माँतेस्क्यूचे ‘कायद्यांचे मर्म’ १७४८ मध्ये येऊन गेले होते, शिकलेल्यांच्या तोंडी त्याचे नाव होते, तरी इथे त्याची शिकवण धाब्यावर बसवलेली दिसते. मॅडिसनने पुढे ‘फेडरलिस्ट’च्या सत्तेचाळिसाव्या लेखात सत्तांची सरमिसळ कुठे कुठे झाली आहे हे दाखवताना न्यू जर्सीचे उदाहरण दिले. पहिला गव्हर्नर विल्यम लिव्हिंग्स्टन १७९० मध्ये मरेपर्यंत दरवर्षी निवडून येत राहिला. रटगर्स विद्यापीठाच्या पिस्कॅटवेतल्या लिव्हिंग्स्टन कॅम्पसला त्याचे नाव आहे.

याच घटनेने मताचा अधिकार दिला तो प्रौढ रहिवाशांना: पन्नास पौंडांची मालमत्ता हवी आणि काउंटीत बारा महिने वास्तव्य हवे. पुरुष असावा किंवा गोरा असावा, असे त्यात म्हटले नव्हते. हे अनवधान होते की हेतू, यावर बरीच शाई सांडली आहे. पण १७९० च्या निवडणूक कायद्यात मतदाराबद्दल लिहिताना पुल्लिंगासोबत स्त्रीलिंगी सर्वनामही घातलेले आहे, तेव्हा निदान तोवर तरी कोणीतरी जाणूनबुजून लिहीत होते. विधवा आणि अविवाहित स्त्रिया मत देत. विवाहितांना ते शक्य नव्हते, कारण त्यांची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची. मालमत्ता असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीयही मत देत. शेजारच्या सॉमरसेट काउंटीतल्या मॉन्टगोमेरी गावची १८०१ ची मतदारयादी अलीकडे अभ्यासकांच्या हाती लागली, तिच्यात चाळीसहून अधिक स्त्रियांची नावे आहेत. मग १८०७ आले. एसेक्स काउंटीचे कोर्ट कुठे बांधायचे यावरून झालेल्या मतदानात इतका गोंधळ आणि इतकी खोटी मते पडली की विधिमंडळाने सुधारणेचे नाव घेतले आणि मताचा हक्क कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांपुरता करून टाकला. खोटी मते टाकण्यात पुरुष मुळीच मागे नव्हते. हक्क गेला तो बायकांचा आणि काळ्यांचा.

हक्कांचा इतिहास चढत्या पायऱ्यांचा आहे, असे मानणाऱ्या प्रत्येकाला १८०७ ची ही गोष्ट सांगावी. दिलेला हक्क काढून घेता येतो, आणि तो काढताना वापरलेली भाषाही सुधारणेचीच असते. त्याच १७७६ च्या घटनेने नागरी हक्कांची हमी दिली होती ती प्रोटेस्टंटांना. आज साठेक हजार वस्तीच्या पिस्कॅटवेत इतकी भारतीय कुटुंबे आहेत की गणपतीत पार्किंगला जागा मिळत नाही. त्यांतल्या बहुतेकांना ती हमी लागू झाली नसती, हे जाता जाता.

गुलामगिरीचा प्रश्न न्यू जर्सीने असाच हप्त्याहप्त्याने सोडवला. लिव्हिंग्स्टनने विधिमंडळापुढे मुक्ततेचा विषय काढला होता, त्यातून लगेच काही निघाले नाही. १८०४ च्या कायद्याने ठरवले की त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल स्वतंत्र, मात्र मुलाने पंचविसाव्या वर्षापर्यंत आणि मुलीने एकविसाव्या वर्षापर्यंत आईच्या मालकाची चाकरी करायची. आधी जन्मलेल्यांना काहीच नाही. आणि पिस्कॅटवे ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे तिथेच १८१८ मध्ये जे घडले, ते लॉकच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असायला हवे. काळ्या माणसाला राज्याबाहेर न्यायचे तर न्यायाधीशासमोर त्याची संमती नोंदवणे कायद्याने सक्तीचे होते. जेकब व्हॅन विकल नावाच्या न्यायाधीशाने अशा संमतीचे दाखले भराभर दिले आणि शंभराहून अधिक माणसे लुइझियानाच्या मळ्यांकडे रवाना झाली. काही दाखले तान्ह्या मुलांचे आहेत. म्हणजे पाळण्यातल्या बाळाने न्यायमूर्तींसमोर आपली संमती दिली, असे सरकारी कागद सांगतो. प्रजेच्या संमतीवर राज्य उभे असते या सिद्धान्तावर टीका करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. संमती नोंदवणारा कोण आणि ती विचारली कोणाला, हा मुद्दा मात्र मला त्या दाखल्यांइतका उघडानागडा कुठेच भेटला नाही. बभ्रा झाल्यावर त्याच वर्षी नवा कायदा करून हा व्यवहार बंद केला गेला. हक्कांच्या इतिहासात बोभाट्याला मोठे स्थान आहे.

फुल्यांनी अर्पणपत्रिका लिहिली त्याच्या तीन वर्षे आधी, ३१ मार्च १८७० रोजी, याच काउंटीतल्या पर्थ अँबॉय शहरात थॉमस मंडी पीटरसन यांनी मत दिले. वर्णावरून मत नाकारायला बंदी करणाऱ्या पंधराव्या दुरुस्तीखाली मत देणारे ते पहिले कृष्णवर्णीय नागरिक मानले जातात. त्यांच्या राज्याने ती दुरुस्ती तेव्हा नाकारलेली होती. मंजुरी १८७१ मध्ये दिली. ज्या शहरात पीटरसन यांनी मत दिले त्याच पर्थ अँबॉयमध्ये नोव्हेंबर १७८९ मध्ये न्यू जर्सीने हक्कांच्या सनदेला सर्व राज्यांत प्रथम संमती दिली होती, ही गोष्ट स्थानिक लोक अधिक आवडीने सांगतात.

आता पुण्याकडे वळू. तिथे जाणारी वाट स्कॉटलंडवरून जाते. प्रिन्स्टनचे, तेव्हाच्या कॉलेज ऑफ न्यू जर्सीचे, अध्यक्षपद घ्यायला जॉन विदरस्पून हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७६८ मध्ये आला. मॅडिसन त्याचा विद्यार्थी. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १८४१ ते १८४७ या काळात, जोतीराव पुण्यात शिकले ते स्कॉटिश मिशनच्याच शाळेत. दोन्हीकडे शिकवणारे धर्मप्रचारक होते आणि दोन्हीकडच्या शिष्यांनी शिकवलेल्यापेक्षा जास्तीचे काही उचलले. चरित्रकार सांगतात की १८४७ च्या सुमारास जोतीराव आणि त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांनी टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. मिशनऱ्यांनी हे पुस्तक मुलांच्या हाती आनंदाने दिले असते असे वाटत नाही. पेनने ‘एज ऑफ रीझन’ लिहून चर्चवर तोफ डागलेली होती.

पेन आमच्या परिसराला अनोळखी नाही. १७७६ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनचे सैन्य न्यू जर्सीतून मागे हटत होते तेव्हा तो त्या सैन्याबरोबर होता. पिस्कॅटवेसमोर रॅरिटन नदीच्या पलीकडे असलेल्या न्यू ब्रन्सविकहून सैन्य डिसेंबरच्या सुरुवातीला ट्रेंटनकडे निघाले. इंग्रजांनी मागोमाग येऊन न्यू ब्रन्सविकला तळ ठोकला आणि पिस्कॅटवेच्या बाजूचे रॅरिटन लँडिंग हे व्यापारी बंदरही त्या हिवाळ्यात त्यांच्या ताब्यात राहिले. त्या बंदराजवळ १७४१ मध्ये बांधलेले कॉर्नेलियस लो याचे घर अजून उभे आहे आणि त्यात काउंटीचे संग्रहालय आहे. त्या पीछेहाटीत पेनने लिहिलेले ‘अमेरिकन क्रायसिस’चे पहिले पत्रक डिसेंबरातच छापले गेले. तत्त्वज्ञ आरामखुर्चीत बसून लिहितात या समजुतीला पेन हा चांगला उतारा आहे. कॉर्सेट शिवणाऱ्या कारागिराचा तो मुलगा, आणि त्याची भाषा दुकानात वाचून दाखवता येईल अशी. फुल्यांना तो भावला याचे निम्मे कारण या भाषेत असावे.

पण फुल्यांनी पेनचे पाणी तसेच्या तसे पुढे सोडले नाही. पेनचा मुख्य शत्रू राजा आणि सरदार. फुल्यांनी पाहिले की पुण्यात राजा गेला तरी गाडा तसाच चालू आहे, कारण तो सिंहासनावरून चालत नव्हता. पोथी, जोशीपण, कुलकर्णीपण आणि पाणवठा यांच्यावरून चालत होता. सरकारपासून माणसाचे रक्षण करा, असे पेन सांगतो. शेजाऱ्यापासून, पुरोहितापासून आणि दप्तर राखणाऱ्यापासून रक्षण करा, हे फुल्यांचे मागणे. त्यासाठी त्यांना सरकारही हवे होते: १८८२ च्या हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाची जी मागणी केली ती सरकारने हात आखडू नये अशी आहे, हात काढून घ्यावा अशी नाही. शिवाय ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त, जे १८९१ मध्ये त्यांच्या पश्चात छापले गेले, निर्मीकाने, म्हणजे जगाच्या निर्मात्याने, दिलेले हक्क सांगताना ते सतत स्त्री आणि पुरुष दोघांची नावे घेतात. पेनच्या पुस्तकाच्या नावात जे नव्हते ते त्यांनी मजकुरात घातले. सत्यशोधक विवाहाच्या १८८७ मध्ये छापलेल्या विधीत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि तो वचन देतो. सामाजिक कराराची चर्चा युरोपात दोन शतके चालली. तो करार मांडवात, भटजीवाचून, मंगलाष्टकांत बसवण्याचे कुणाला सुचले नव्हते. या एका विधीवर राज्यशास्त्राच्या विभागांत जेवढे लिहिले जायला हवे तेवढे अजून लिहिलेले नाही. ते काम कोणी तरुण अभ्यासकाने अंगावर घ्यावे.

याच काळात मराठी माणसे अमेरिका प्रत्यक्षही पाहू लागली होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये आल्या त्या आमच्यापासून फार दूर नसलेल्या रोझेल गावी, कार्पेंटर कुटुंबाकडे. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या, पुढे दोनेक वर्षे देशभर हिंडल्या, आणि १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ निघाले. शासनपद्धतीवर आणि स्त्रियांच्या स्थितीवर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. लोकशाहीचे त्या मनापासून कौतुक करतात आणि रंगभेदावर व बायकांना नाकारलेल्या मतावर बोटही ठेवतात. फ्रेंच माणसाने, तोकव्हिलने, अमेरिकेवर लिहिलेले सगळ्यांना माहीत असते. रमाबाईंचे पुस्तक त्याच फळीवर ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

अभ्यासकांच्या घरातल्या भांडणांची थोडी कल्पना नवख्याला असलेली बरी. प्रबोधन एकच होते की दोन, एक सावध आणि एक खरोखर क्रांतिकारक, असा वाद जोनाथन इस्रायल यांच्या ग्रंथांनी पेटवला. ते इथून जवळच्या प्रिन्स्टनलाच होते. शंकर मुथू यांनी दाखवले की दिदरो, कांट, हेर्डर अशा काहींनी साम्राज्यशाहीला उघड विरोध केला होता. उलट बाजूला माँतेस्क्यूचा आशियाई जुलूमशाहीचा सिद्धान्त आहे, आणि ‘ऑन लिबर्टी’तला मिल, जो स्वातंत्र्याचे तत्त्व ‘मागास’ समाजांना लागू नाही असे सांगून मोकळा होतो. मिलची पोटाची नोकरी ईस्ट इंडिया कंपनीत होती. आगरकरांसारख्यांनी मिल कोळून प्यायला, तो वगळणारा परिच्छेदही त्यांच्या नजरेतून सुटला नसणार, आणि तरी त्यांनी पुस्तक मिटले नाही. फुल्यांसंबंधी इंग्रजीतून वाचायचे तर गेल ऑम्वेट आणि रोझलिंड ओ’हॅन्लन यांच्यापासून सुरुवात करावी. मराठीत धनंजय कीर आणि य. दि. फडके आहेतच.

आंबेडकरांवर संग्रहाचा मोठा भाग आहे, त्यामुळे इथे दोनच गोष्टी. कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात ते जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले, हे खरे. पण स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नाही, बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवर स्पष्ट सांगितले. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनीच १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेची आठवण काढली होती. दोन्ही विधाने एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही गंभीरपणे घ्यावी लागतात. महाडचे तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. त्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी मार्च १९२७ मध्ये माणसांना मोर्चाने जावे लागले. भारतीय घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, विहिरी, तलाव आणि घाट यांची नावे घेऊन भेदभावाला बंदी केली आहे, सतराव्यात अस्पृश्यता रद्द केली आहे. सरकारला आवर घालणाऱ्या अमेरिकी सनदेत विहीर कुठून येणार? ती फुल्यांच्या आणि महाडच्या वाटेने घटनेत आली.

आणि आता ती वाट उलट दिशेने चालू झाली आहे. सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, ते तिथल्या गव्हर्नरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाकारले. इथल्या मराठी घरांतही यावर दोन तट आहेत आणि जेवणाच्या टेबलावर आवाज चढतात. संग्रहात दोन्ही बाजूंचे लेखन दिले आहे. माझा कल कुठे आहे हे वाचकाला एव्हाना कळले असेल. तरी विरोधी बाजूचे उतारे मी दुबळे निवडलेले नाहीत.

वाचनाच्या क्रमाबद्दल शेवटचे. पहिला उतारा १६६५ च्या सवलतपत्राचा आहे. त्यातली धर्मस्वातंत्र्याची कलमे पटकन वाचून होतात. पुढची एकरांची कलमे रटाळ आहेत, पण गाळू नयेत, गुलामांचा उल्लेख तिथेच आहे. त्यानंतर ‘गुलामगिरी’तला जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद ठेवला आहे, आणि लॉक त्याच्याही नंतर. कालक्रम मोडला म्हणून इतिहासाचे प्राध्यापक रागावतील. ज्यांना लॉकपासूनच सुरुवात करायची आहे त्यांनी खुशाल तिसऱ्या प्रकरणाचे पान उघडावे.